तीन नंबरचा प्लग

शिवरामदादांइतका सरळ माणूस आमच्या गॅरेजवर दुसरा आला नाही, आणि डोक्याला त्यांच्याइतका ताप देणाराही दुसरा आला नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसात कशा राहतात, याचं मला आता नवल वाटत नाही.

गॅरेज म्हणजे अंबरनाथला, कल्याण-बदलापूर रोडला लागून एक पत्र्याची शेड. मागे आमच्या दोन खोल्या. पुढे माझा नवरा हरिचंद्र गाड्या उघडतो आणि मागे मी भाकऱ्या थापते. मधलं दार लावलं तर आत जीव गुदमरतो, म्हणून ते कायम उघडं. त्यामुळे लग्न झाल्यापासून गाड्यांची सगळी दुखणी माझ्या कानावर पडत आली आहेत. एखादी गाडी खोकत आली की मी परातीतूनच सांगते, "अहो, कचरा आलाय पेट्रोलमध्ये." निम्म्या वेळा बरोबर येतं. उरलेल्या निम्म्या वेळा हरिचंद्र मला भाकरी जळत असल्याची आठवण करून देतो.

शिवरामदादा राहायचे बदलापूरला, हेंद्रेपाड्यात. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत सुपरवायझर होऊन रिटायर झालेले, युनियनमध्ये मुरलेले. कंपनीत ड्रायर खातं नावाची एक भट्टीच होती म्हणे, आणि तिथे वर्षानुवर्षं त्याच चार-पाच माणसांना जुंपलेलं असायचं. दादांनी मॅनेजरशी भांडून तिथे सगळ्यांना पाळी लावून दिली. ऊन सगळ्यांना, सावली सगळ्यांना. त्या खात्यातली माणसं अजून रस्त्यात भेटली की दादांना वाकून जय भीम घालतात. रिटायर झाल्यावर त्यांनी एक सेकंडहँड पद्मिनी घेतली, सायीच्या रंगाची. गाडीचा तोरा ते स्वतः मिरवत नसत. ते काम त्यांच्या पत्नी, मालिनीवहिनी, करायच्या.

एक्क्याण्णव सालच्या फेब्रुवारीत ती गाडी आमच्या दारात आली तेव्हा तिच्यामागे निळा धूर होता.

"जय भीम, हरी," दादा उतरत म्हणाले. "गाडी ऑइल खायला लागलीय. बदलापूरचा मेकॅनिक म्हणतो, फुल इंजिन खोलून करायला लागेल. तू एकदा बघ."

हरिचंद्रने बॉनेट उघडलं, पाना लावला आणि चारही प्लग काढून वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. प्लग बघणं म्हणजे डॉक्टरने जीभ बघणं, असं तो म्हणतो. बिस्किटासारखा तपकिरी असेल तर आत सगळं ठीक. कोरडा काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय. आणि ओला, चकचकीत काळा असेल तर ऑइल वर येतंय. पण त्या दिवशी चारही प्लग बघून त्याचं तोंड उतरलं. चारही सारखेच. थोडे थोडे काळे, थोडे थोडे तेलकट, आणि टोकं मात्र घासून लख्ख केलेली.

"चारही ठिकाणी एकदम ऑइल?" तो म्हणाला. "मग ही गाडी बदलापूरहून आली कशी? दादा, तुम्ही प्लगला हात लावलात का?"

"लावतो ना. दर रविवारी." दादांचा चेहरा खुलला. "पेट्रोलमध्ये बुडवतो, ब्रश मारतो, पॉलिश पेपर मारतो. आणि परत लावताना जागा बदलतो. पहिल्याचा दुसऱ्यात, दुसऱ्याचा तिसऱ्यात, तिसऱ्याचा चौथ्यात, चौथ्याचा पहिल्यात."

"का?"

"अरे, एक प्लग नेहमी जास्त काळा निघायचा. म्हटलं, एकट्यानेच का सोसायचं? पाळी लावली."

"कितव्या नंबरचा निघायचा?"

"ते आता कसं आठवणार? एक होता खरा."

हरिचंद्रने पाना एवढ्या जोरात आपटला की पलीकडच्या पानवाल्याने मान बाहेर काढली. मी दारात उभी राहून पदर तोंडावर धरून हसत होते. ड्रायर खात्यातला न्याय दादांनी इंजिनातही चालवला होता आणि बिघाडाची खूण चौघांत सारखी वाटून टाकली होती. आता दोष नेमका कुठल्या भोकात आहे, हे त्या प्लगांकडे बघून कुणालाच सांगता येणार नव्हतं. बदलापूरवाल्याला चारही खराब दिसले, म्हणून तो बिचारा फुल इंजिन म्हणाला. त्याचंही चुकलं नव्हतं.

मागच्या सीटवर दादांची आई बसली होती, गंगूआई. तिच्यासाठीच तर ही फेरी होती. दोन भावांत आईची वाटणी महिन्याची होती. एक महिना दादांकडे बदलापूरला, एक महिना धाकट्या शंकरकडे उल्हासनगरला. महिन्याच्या पहिल्या रविवारी दादा तिला गाडीतून न्यायचे किंवा आणायचे. त्यातही ते कधी एक दिवस इकडचा तिकडे होऊ द्यायचे नाहीत.

मी म्हातारीला आत आणून बसवलं. तिचा हात धरला तर तो वाळक्या शेंगेसारखा लागला. मी पाण्याचा गिलास दिला. तिने तो एका दमात रिकामा केला आणि पुढे धरला. मग दुसरा. मग तिसरा. "लई ग्वाड पाणी हाय तुझं, बाय," ती म्हणाली. आमच्या नळाला जांभूळच्या पाणी केंद्रातलं पाणी येतं, तेच बदलापूरलाही अर्ध्या गावाला येतं.

"जानेवारीत सलाइन लावावी लागली तिला," दादा बाहेरून म्हणाले. "ताप काय, लघवीला जळजळ काय. डॉक्टर म्हणाला, अंगात पाणीच नाही. पुन्हा असं झालं तर या वयात किडनी टिकणार नाही. मला ठाऊक आहे हे कुठून येतं. शंकरकडे संडास बाहेर, सार्वजनिक. पन्नास पावलं चालायचं, वर लाइन. त्या भीतीने ती तिथे पाणीच पीत नाही. महिनाभर सुकते, आणि आजार बाहेर पडतो तो माझ्याकडे आल्यावर. तिथून घेऊन येते ती."

मला ते पटलं. आम्हा बायकांना असली कारणं समजावून सांगावी लागत नाहीत. बाहेरच्या संडासाच्या भीतीने पाणी न पिणाऱ्या बायका मी पुष्कळ बघितल्यात, आणि माहेरी असताना मीही त्यांतलीच होते. मला त्या शंकरच्या बायकोचा, वेणूचा, न बघताच राग आला.

तेवढ्यात हरिचंद्र आत येऊन माझी नेलपॉलिश घेऊन गेला. लाल, उल्हासनगरच्या बाजारात घासाघीस करून आणलेली, अजून अर्धीही संपली नव्हती. त्याने प्लगांवर ठिपके दिले. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, असे चार.

"महिनाभर हात लावायचा नाही," त्याने दादांना बजावलं. "पुसायचं नाही, जागा बदलायची नाही. पुढच्या महिन्यात असेच घेऊन या."

दादांची चुळबुळ सुरू झाली. "म्हणजे एकाच्याच अंगावर साचत जाणार सगळं?"

"साचू दे. त्याशिवाय कळणार नाही."

दादांना ते मनापासून आवडलं नाही. गाडी उल्हासनगरकडे निघाली तेव्हाही ते मान हलवत होते.

मार्चच्या पहिल्या रविवारी गाडी परत आली, या वेळी उल्हासनगरहून. नेहमी म्हातारीसोबत एक पिशवी असायची. आज डिकीत तिची पत्र्याची पेटी होती, मागच्या सीटवर गोधड्यांचं गाठोडं होतं, आणि दादांच्या कपाळाची शीर फुगलेली होती.

"संपवून आलो," ते हरिचंद्रला म्हणाले. "आता आई कायमची माझ्याकडे. शंकरला तोंडावर सांगितलं, तुझ्या घरात ती मरेल. त्याची बायको रडायला लागली. तो म्हणाला, न्या, पण मग या दारात परत येऊ नका. म्हटलं, नाही येत. भाऊ आहे, वाईट वाटतं. पण आई एकच आहे."

मला त्यांची दया आली. मी गंगूआईला उतरवायला गेले आणि जागीच थबकले. म्हातारीचे गाल भरले होते. केसांना तेल होतं, वेणी घट्ट घातलेली होती. हाताची कातडी मऊ लागत होती. महिनाभर सुकलेली बाई अशी दिसत नाही.

आत आणून मी तिच्यापुढे पाण्याचा गिलास धरला.

"नगं," ती म्हणाली.

"उन्हाचं आलात, आई. घ्या की."

"आता बदलापूरला जायाचं ना? नगं." तिने बोट बुडवून फक्त ओठ ओले केले आणि गिलास खाली ठेवला.

तो गिलास खाली ठेवल्याचा आवाज मला अजून आठवतो. मागच्या महिन्यात बदलापूरहून निघाली होती तेव्हा तीन गिलास प्यायली होती. आज बदलापूरला निघाली तर एक घोट नको. मी दार थोडं ओढून घेतलं, तिच्याजवळ बसले आणि सरळच विचारलं, "आई, दादांच्या घरी काय होतं?"

तिने पदराचा काठ मुडपला. मग सांगू लागली.

"घरात संडास हाय गं. शिवरामानं लई हौसेनं केलाय. पांढऱ्या लाद्या, नळ, सगळं. पन बसायचं खाली. माझं गुडघं आता उठत न्हाईत. नोव्हेंबरात बसले ती बसलेच. सून शाळंत शिकवाया गेलेली. हाका मारल्या. कडी आतून. शिवरामानं कडी तोडली आन मला उचललं." तिने पदर पुढे ओढला. "पोरानं उचललं गं मला. तसं. त्यो काय बोलला न्हाई, मीबी न्हाई. पन त्या दिसापासनं तिथं गेलं की मी पाणी सोडते. सून घरी असंल तवा घोटभर. प्यायचंच न्हाई, मग जायाचंबी न्हाई."

"आणि शंकरकडे? तिथे तर बाहेर आहे."

म्हातारी पहिल्यांदा हसली. "येणूनं खुर्ची केलीया. शेजारी सिंधी फर्निचरवाला हाय, त्याच्याकडनं जुन्या खुर्चीला मधी भोक पाडून घेतलं. खाली बालदी. कोपऱ्यात पडदा. बसायचं, धरायचं, उठायचं. बालदी ती टाकून येते. शिवराम आला की वर चादर घालून ठिवती. म्हणती, दादा हसतील आपल्या गरिबीला."

मला वेणूबद्दल मागच्या महिन्यात काय काय वाटलं होतं ते आठवलं आणि कान तापले.

"दादांना का नाही सांगत?"

"काय सांगू? तुझ्या घरात मला हगता येत न्हाई, असं सांगू? येवढी हौस त्याची. आन त्याच्याम्होरं त्या दिसाचं नाव काढू?" तिने माझं मनगट धरलं. "तूबी बोलू नगं. शप्पथ हाय माझी."

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तिला वाटलं, मी हो म्हटलं.

बाहेर आले तर वर्तमानपत्रावर प्लग मांडून झाले होते. आता नेलपॉलिशची गरजही नव्हती. एक, दोन आणि चार नंबरचे प्लग बिस्किटी, कोरडे. तीन ठिपक्यांचा तेवढा ओला काळा, आणि त्याच्या टोकाला ऑइलचा थेंब लोंबत होता. हरिचंद्रने तिसऱ्या भोकावर अंगठा दाबून दादांना स्टार्टर मारायला सांगितलं. हवेने त्याचा अंगठा उडवला.

"दाब चांगला आहे," तो म्हणाला. "म्हणजे पिस्टनच्या रिंगा ठीक. ऑइल खालून नाही, वरून उतरतंय, व्हॉल्व्हच्या गाइडमधून. सकाळी स्टार्ट केल्यावर धूर जास्त, खरं ना? मग तेच. फुल इंजिन नाही, काही नाही. फक्त इंजिनचं वरचं हेड उतरवायचं."

दादांनी तीन ठिपक्यांचा प्लग उचलून बोटांत फिरवला. "म्हणजे प्लगचा दोष नव्हता."

"प्लगचा कधीच नव्हता, दादा. तो बसतो तिथे तेल आहे. तुम्ही जागा बदलत राहिलात, पुसत राहिलात, म्हणून प्रत्येक जण थोडा थोडा काळा दिसत राहिला."

"आणि मला वाटायचं," दादा हळूच म्हणाले, "की हा आधीच्या जागेवरून घेऊन येतो."

बस. हे वाक्य ऐकलं आणि शपथ माझ्या हातून सुटली. मी काही देवमाणूस नाही. मला राग येतो, आणि आला की तो पोटात राहत नाही. त्या पेटीसकट म्हातारी बदलापूरला गेली असती तर पावसाळा बघायला उरली नसती. मी तो भरलेला गिलास उचलला आणि दादांसमोर नेऊन धरला.

"दादा, हा बघा. मागच्या महिन्यात आई तुमच्या घरून निघाली आणि इथे तीन गिलास प्यायली. आज शंकरच्या घरून आलीय, तुमच्याकडे चाललीय, तर एक घोट घेत नाही. आता सांगा, सुकते कुठे?"

"शंकरकडे संडास..."

"शंकरकडे खुर्ची आहे. भोकाची. वेणूने करून घेतलीय, बालदी ती स्वतः टाकते, आणि तुम्ही आलात की तिच्यावर चादर घालते. तुमच्याकडे काय आहे? पांढऱ्या लाद्या. नोव्हेंबरात कडी कोणी तोडली, दादा?"

"अंजना!" हरिचंद्र ओरडला.

पण सगळं बोलून झालं होतं.

दादा बाजूच्या टायरवर बसले. प्लग अजून हातातच होता, आणि बोटं तेलाने काळी झाली होती.

"तिने मला सांगितलं नाही," ते म्हणाले.

"तुम्हाला कसं सांगेल? उचलणारे तुम्हीच होतात."

"मला वाटलं, मी काही बोललो नाही म्हणजे तिला बरं वाटलं असेल. म्हणून तर मी काहीच बोललो नाही." त्यांनी मान खाली घातली. "मालिनीलासुद्धा सांगितलं नाही. गुपचूप नवी कडी लावली."

मला रडू आलं. एवढ्या भल्या माणसाला मी भर रस्त्यावर असं सोललं, याचं वाईट वाटलं. पण पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा बोलेन, हेही त्याच क्षणी माहीत होतं. मागे वळले तर दारात गंगूआई उभी. चौकट धरून, माझ्याकडे बघत.

"बोललीस," ती म्हणाली. त्यात राग होता, आणि मला तो घ्यायलाच हवा होता.

दादा उठले. त्यांनी हात फडक्याला पुसले. तेल काही निघालं नाही, नुसतं पसरलं. आईकडे त्यांना बघवत नव्हतं आणि आईला त्यांच्याकडे. शेवटी त्यांनी हरिचंद्रला विचारलं, "गाडी?"

"चार-पाच दिवस राहू द्या. हेड उघडतो."

दादांनी रस्त्यावर जाऊन रिक्षा थांबवली. डिकीतून पेटी काढून मागे चढवली, गाठोडं कोंबलं. मग आईच्या दंडाला धरायला हात पुढे केला, मध्येच थांबवला आणि मला म्हणाले, "तू धर."

मी तिला धरून बसवलं. शंकरने दार बंद केलेलं. दादांनी येत नाही म्हणून सांगितलेलं. अशा वेळी पुरुषमाणूस आपला हट्टच घरी घेऊन जातो, हे मी माझ्या बापापासून बघत आले आहे. रिक्षावाल्याने हँडलचा खटका ओढला, इंजिन फुरफुरलं.

"किधर, साहब? बदलापूर?"

आमच्या दारातून उजवीकडे बदलापूर, डावीकडे उल्हासनगर. दादा रिक्षाच्या दांडीला धरून उभेच राहिले. काळी बोटं त्या पिवळ्या पत्र्यावर उमटली.

"उल्हासनगर," ते म्हणाले. "चार नंबर कॅम्प."

मग ते माझ्याकडे वळले. डोळे लाल झाले होते. "शंकर दार उघडेपर्यंत बाहेर बसेन. त्या फर्निचरवाल्याला माप द्यायचंय. बालदी कशी काढतात तेही बघून घेतो वेणूकडून. मालिनी शाळेतून येईपर्यंत ते मलाच करायचंय." पेटीवर हात ठेवून म्हणाले, "खुर्ची झाल्याशिवाय आईला आणणार नाही. झाल्यावरही तिला विचारूनच."

ते रिक्षात चढणार, एवढ्यात आतून म्हातारीने एक पाय बाहेर काढला आणि रिक्षावाल्याच्या पाठीवर थाप मारली.

"थांब रं जरा," गंगूआई म्हणाली. "अंजना, त्यो गिलास आन."

मी आणला. तिने तो दोन्ही हातांत धरून सगळा प्यायला, तोंड पुसलं, आणि रिकामा गिलास पुन्हा माझ्यापुढे केला. रिक्षाचं मीटर पडलेलं होतं. दादा खालीच उभे राहिले, घाई कर म्हणाले नाहीत. मी तांब्या भरून आणायला आत गेले.